हातोडी साखळीला असली पाहिजे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील अग्निसुरक्षेवरील लेखात ‘पेटीशेजारच्या हातोडीने काच फोडून होज (आग विझवायचा पाण्याचा लांब पाइप) बाहेर काढावा’ एवढे एका ओळीत सांगून लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळले आहेत. हातोडी जागेवर नसेल तर काय करावे, याबद्दल लेखात एक शब्दही नाही. ज्याच्यावर ती वेळ येऊन गेली आहे, त्याला ही ओळ वाचून संताप येतो, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या १४ मजली इमारतीत, नवव्या मजल्याच्या जिन्यात कोणी तरी टाकून दिलेल्या कापसाच्या गादीवर ठिणगी पडली आणि बघता बघता धूर वर चढू लागला. होजची लाल पेटी माझ्या दारापासून चार पावलांवर आहे. धावत गेलो, तर हातोडी गायब आणि तिची साखळी नुसती लोंबकळत होती. पेटीला कुलूप, किल्ली सोसायटीच्या कार्यालयात, कार्यालय बंद आणि सेक्रेटरी गावी. पत्नीने स्वयंपाकघरातून पितळी बत्ता आणून दिला. तो मी सगळी ताकद लावून काचेवर मारला, तो उसळून माझ्याच मनगटावर आला. कारण ती काच नव्हतीच! आधीची काच मुलांच्या चेंडूने फुटली होती, म्हणून समितीने तिथे न फुटणारे पारदर्शक अॅक्रिलिक बसवून घेतले होते. जी वस्तू वेळेला फुटावी म्हणूनच लावायची, ती न फुटणारी निवडताना समितीत एकालाही प्रश्न पडला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

शेवटी शेजारच्या तरुणाने स्क्रूड्रायव्हरने बिजागऱ्या उचकटल्या, तेव्हा दार निघाले. आत १५-१५ मीटरचे दोन होज व्यवस्थित गुंडाळलेले होते, मात्र पाण्याचा झोत मारायचे नोझल नव्हते. पितळेचे असल्याने चोरीला जाईल म्हणून तेही कार्यालयाच्या कपाटात ठेवलेले. तोपर्यंत खालच्या मजल्यावरच्या बायकांनी बादल्यांनी पाणी ओतून गादी विझवली होती. चोरीची भीती खोटी नाही, हे मी मान्य करतो. पण त्यावर कुलूप हा उपाय करायचा असेल, तर किल्लीही पेटीच्या बाजूलाच, काचेआड ठेवली पाहिजे.

महाराष्ट्रात २००६ च्या कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते. त्या वर्षीचे जुलैचे प्रमाणपत्र आमच्या फाइलमध्ये होते. तपासणीला आलेल्या माणसाने अॅक्रिलिकमधून होज पाहिले असणार आणि सही केली असणार. पेटी उघडून पाहिली असती, तर हातोडी, किल्ली आणि नोझल या तिन्ही गोष्टी तेव्हाच लक्षात आल्या असत्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटांत ६६ अग्निशामकांनी प्राण गमावले आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात प्रत्येक सोसायटीने रहिवाशांसमोर एक तरी पेटी तिच्या स्वतःच्या हातोडीने किंवा किल्लीने उघडून दाखवावी, असे मला कळकळीने वाटते. नवी काच बसवायला फार खर्च येत नाही.

जाता जाता, जिन्यात गाद्या, कपाटे आणि सायकली ठेवणाऱ्यांविषयीही आपण लिहावे. ती गादी कोणाची होती, हे आजवर कोणीही कबूल केलेले नाही.

माझ्या मजल्यावर मी स्वखर्चाने काच बसवून घेतली आणि हातोडी टांगली आहे. काल संध्याकाळी लेख वाचून झाल्यावर सगळे जिने चढून पाहिले. आणखी पाच मजल्यांवर साखळी आहे, हातोडी नाही.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे