कीटकनाशकाच्या पुडीवर मधमाशी का नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मधपेट्यांच्या अनुदानाची बातमी आपल्या अंकात वाचली आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र. पेट्या मिळतील, अनुदानही मिळेल. पण पेटीतल्या माश्या विषानं मेल्या तर त्याला जबाबदार कोण, हे मी वर्षभर विचारत फिरतेय आणि मला उत्तर मिळालेलं नाही.

मी करवीर तालुक्यातली शेतकरी. भोगावतीच्या काठाला आमचा दीड एकर ऊस आहे, त्याला लागून अर्धा एकर भाजीपाला. सहा वर्षांपूर्वी सातेरी या देशी मधमाश्यांच्या दोन पेट्या घेतल्या, त्या वाढत वाढत आठ झाल्या. मध फार होत नाही, पेटीमागं वर्षाला चार-पाच किलो. पण पेट्या आल्यापासून दोडका आणि कारलं कसं धरायला लागलं ते आमच्या शिवारात सगळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या बांधाला लागून पुतण्याची काकडी फुलात होती. त्यावर पांढरी माशी ही कीड आली. सकाळी नऊच्या सुमारास, फुलं पुरती उमललेली असताना, त्यानं पंप पाठीवर घेतला. पंपात तीन गोष्टी होत्या: दुकानदारानं दिलेलं थायामेथोक्झामचं कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि वरून द्रवखत. एका फेरीत तिन्ही कामं उरकतात, मजुरी वाचते. सगळेच असं करतात.

दुपारी तीन वाजता मी पेट्यांकडं गेले. दारासमोरची माती हलत होती. जवळ जाऊन बघते तर माश्या पाठीवर पडून गरगरत होत्या. पाय वर, पंख थरथरताहेत, सोंड बाहेर आलेली. काहींच्या पायांना पिवळे परागाचे गोळे तसेच चिकटलेले. म्हणजे काम करून घरी आल्या होत्या आणि दाराशी येऊन पडल्या. तिसऱ्या दिवशी पेट्या उघडल्या. आठपैकी पाच पेट्यांत राणी आणि मूठभर माश्या उरल्या होत्या. फ्रेमवर पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, होता, पण त्याला भरवायला आणि ऊब द्यायला कोणी नव्हतं. आठवड्याभरात मुंग्या लागल्या आणि पाचही वसाहती गेल्या.

पुतण्याला बोलावून दाखवलं. तो गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "काकी, लाल त्रिकोणाचं नव्हतं की वो. दुकानदारानं सांगितलं, काय होत न्हाई." पोरगं खोटं बोलत नव्हतं. महिन्याभरानं त्याचंही नुकसान झालंच. काकडीत नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, मधे माशी नसेल तर फळ नीट भरत नाही. त्याची निम्मी काकडी वाकडी, देठाकडं फुगीर आणि टोकाला बारीक निघाली. शाहू मार्केट यार्डात ती दुय्यम भावानं गेली.

त्या त्रिकोणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळी फसगत तिथं आहे. आपल्याकडं कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. शेतकऱ्याच्या मनात तो सिग्नलसारखा बसलाय, लाल म्हणजे जहाल आणि हिरवा म्हणजे निर्धोक. पण हा रंग ठरतो उंदरांवरच्या चाचणीवरून, म्हणजे पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर सस्तन प्राण्याला किती घातक यावरून. मधमाशी त्या हिशेबात नाहीच. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही निओनिकोटिनॉइड गटातली औषधं माणसाला तुलनेनं कमी घातक म्हणून खपतात. मधमाशीला मात्र त्यांचे काही नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे काही अब्जांश, पोटात गेले की पुरे होतात. शिवाय ती आंतरप्रवाही आहेत. बेण्याला चोळा, मुळाशी पाण्यातून ओता, म्हणजे आळवणी करा, नाहीतर पानावर फवारा, ती झाडाच्या रसात उतरतात आणि तिथून परागात आणि मधुरसात येतात. जमिनीत तर महिनोन्‌महिने टिकतात. आमच्या जिल्ह्यात मुळं खाणाऱ्या हुमणीसाठी उसाला इमिडाक्लोप्रिडची आळवणी सर्रास होते. उसाला माशीची गरज नाही हे खरं, पण त्याच सरीत आंतरपीक म्हणून मका असतो, कोथिंबीर असते, बांधावर रानफुलं असतात. माशी तिथं जाते.

जी जागेवर मरत नाही तिचंही बरं होत नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ साली मधमाश्यांच्या पाठीवर बारीक चिप चिकटवली, जीव जाणार नाही इतका थायामेथोक्झामचा अंश पाजला आणि त्यांना सोडून दिलं. त्यातल्या पुष्कळ माश्या पोळ्याकडं परतल्याच नाहीत. वाट विसरल्या. आमच्या भागातले मधपाळ म्हणतात, "पेटी मेली न्हाई, नुसती रिकामी होत गेली." ते काय म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

आता कंपन्यांचं. हे सगळं त्यांना माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. २००८ साली जर्मनीत राइन नदीच्या खोऱ्यात क्लोथियानिडिन लावलेलं मक्याचं बियाणं पेरताना त्याची धूळ उडाली आणि मधमाश्यांच्या हजारो वसाहतींना विषबाधा झाली. ते औषध बनवणाऱ्या बायर कंपनीनं तिथल्या मधपाळांना पैसे दिले. २०१३ मध्ये युरोपीय संघानं या गटातल्या तीन औषधांवर निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्यांचा वापर पूर्ण थांबवला. बायर आणि थायामेथोक्झाम बनवणारी सिंजेंटा या निर्बंधांविरुद्ध कोर्टात गेल्या. बायर वरच्या कोर्टापर्यंत गेली आणि २०२१ मध्ये तिथंही हरली. २०१६ मध्ये या दोन्ही कंपन्यांचे स्वतःचे, तोवर न छापलेले अभ्यास बाहेर आले. जास्त मात्रेला मधमाश्यांचं गंभीर नुकसान होतं, असं त्यांच्याच कागदांत होतं. शेतात एवढी मात्रा नसते, असं कंपन्यांचं म्हणणं. असेल. पण मग ते अभ्यास आधीच लोकांपुढं का ठेवले नाहीत?

मला सगळ्यात जास्त लागली ती आणखी एक गोष्ट. अमेरिकेत २०१३ पासून या गटातल्या औषधांच्या लेबलवर मधमाशीचं चित्र आणि चौकटीत ठळक सूचना असते. म्हणजे ते चित्र छापता येतं, त्याला काही फार खर्च येत नाही. पुतण्याच्या पुडीबरोबर मला मिळालं ते घड्या घातलेलं पातळ कागदाचं माहितीपत्रक. त्यातलं मराठी वाचायला मी चष्मा लावून उन्हात उभी राहिले. सूचना होती, नाही असं नाही. पण पंपात औषध ओतणारा माणूस ती वाचेल अशा ठिकाणी नव्हती. आणि ज्या पिकांसाठी त्या औषधाचा लेबल क्लेम, म्हणजे वापरायची मंजुरी, आहे त्यांत काकडी नव्हतीच, तरी ते काकडीला म्हणून दिलं गेलं.

मागं एका मेळाव्यात मी कंपनीच्या प्रतिनिधीला हे विचारलं. तो म्हणाला, "ताई, लेबलप्रमाणं वापरलं तर आमचं उत्पादन सुरक्षित आहे." २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, तेव्हाही पहिलं बोट त्या फवारणाऱ्यांकडंच दाखवलं गेलं. मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, वाऱ्याच्या दिशेनं फवारलं. भर उन्हात हातमोजे आणि मास्क घालून दहा पंप मारणं होत नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. सकाळी नऊला फवारणी होणार, तीन औषधं एकाच पंपात जाणार, हेही ठाऊक असतं. काही बुरशीनाशकांच्या जोडीनं काही कीटकनाशकं मधमाशीला कैक पटींनी घातक होतात, हे तर त्यांच्या शास्त्रज्ञांना माझ्याआधी ठाऊक आहे. ठाऊक असून विकायचं आणि मग वापरणाऱ्याची चूक दाखवायची, हे मला मान्य नाही.

प्रत्येक पेटी औषधानंच मरते असं मी म्हणत नाही. थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणूजन्य रोगानं सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती बसल्यात, मेणकिडा आहे, रानातली जांभळं आणि हिरडे तुटताहेत, जिकडं तिकडं नुसता ऊस आहे. पण पायाला पराग चिकटलेला असताना दाराशी तडफडून मरणारी माशी रोगानं मेलेली नसते.

माझं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याला. लहानपणी आमच्या गुऱ्हाळावर काहिलीभोवती माश्यांचा इतका घोंगाट असायचा की गुळव्या डोक्याला पंचा बांधून ढवळत उभा राहायचा आणि आम्हा पोरांना रस प्यायचा तर पेल्यावर हात धरावा लागायचा. परवा त्याच गावात गुऱ्हाळाला गेले होते. उघडा पेला घेऊन अर्धा तास बसले, एकही माशी आली नाही.

कायद्याचं बोलायचं तर आपल्याकडं अजून १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे. २०२० मध्ये केंद्रानं २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यातली काही मधमाश्यांना विषारी असल्याचं त्यात नमूद होतं. २०२३ मध्ये सरसकट बंदी आली ती तिघांवर. त्याच २०२० साली केंद्रानं मधमाशीपालनासाठी ५०० कोटींचं अभियानही जाहीर केलं. एका हातानं पेटी द्यायची आणि दुसऱ्या हातानं पेटी मारणाऱ्या औषधाला परवाना द्यायचा, याचा मेळ कोणीतरी घालायला हवा. भुदरगडातलं पाटगाव आज मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्याचा मला अभिमान आहे. पण पाटगावची माशी जंगलात चरते. खाली आमच्याकडं तिला शेतातच जावं लागतं.

म्हणून मागणं एवढंच. मधमाशीला घातक असलेल्या प्रत्येक औषधाच्या पुढच्या बाजूला त्रिकोणाशेजारी मधमाशीचं चित्र आणि "फुलोऱ्यात फवारू नका, फवारायचंच तर सूर्य मावळल्यावर" हे मोठ्या मराठी अक्षरांत छापायची सक्ती करा. नोंदणीसाठी मधमाश्यांवरच्या चाचण्यांची माहिती कंपन्याच देतात, ती लोकांसाठी खुली करा. आणि औषधानं मेलेल्या पेट्यांची भरपाई कंपनीकडून वसूल करा. प्रदूषण करणाऱ्यानं नुकसान भरून द्यायचं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच मान्य केलंय. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मासे मरून तरंगले की पाण्याचे नमुने घेतले जातात, पंचनामा होतो. मधमाश्यांचाही व्हावा.

माझ्या पाच पेट्यांचा झाला नाही. मेलेल्या माश्या घेऊन मी एका कार्यालयात गेले होते. मातीचा नमुना असेल तर अर्ज आहे, पाण्याचा असेल तर आहे, माश्यांचा नाही, असं सांगून परत पाठवलं. त्या माश्या मी लोणच्याच्या बरणीत भरून, वर तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवल्यात. वर्ष झालं. घरचे काढून टाक म्हणतात. कोणाला तपासायच्या असतील तर बरणी घेऊन मी म्हणाल तिथं यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक मधपाळ शेतकरी,
ता. करवीर, जि. कोल्हापूर