तक्रार : 'दुर्मिळ पांढरा' म्हणून विकलेला आजारी ॲनिमोन

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पांढरा पडलेला ॲनिमोन खास रंगाचा म्हणून विकल्याबद्दल आणि त्यावर आलेल्या उत्तराबद्दल

महोदय / महोदया,

चार महिन्यांपूर्वी मी माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी तुमच्याकडून एक सेबे ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) मागवला. वर्णन होते, 'दुर्मिळ शुभ्र पांढरा, जांभळी टोके, नव्या टाकीलाही चालेल.' आज तो जिवंत आहे, वाळूत पाय घट्ट रोवून बसला आहे आणि रंगाने तपकिरी आहे. तो तपकिरी झाला म्हणून हे पत्र नाही. तो पांढरा होता म्हणून आहे.

माझ्या पहिल्या तक्रारीला तुमच्या विभागाने कळवले की फोटोत प्राणी निरोगी दिसतो, रंग उतरला असेल तर दोष माझ्या पाण्याचा किंवा लाइटचा आहे, आणि हमी फक्त ४८ तासांत मेलेल्या प्राण्यांना लागू आहे. म्हणजे तुमचा आजारी प्राणी मी बरा केला, आणि तो बरा झाला हाच माझ्या टाकीचा दोष ठरला! हसावे की रडावे कळेना.

सेबेचा मूळ रंग फिकट तपकिरीच. तो येतो त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे. ते प्रकाशावर अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. पाणी तापले, प्रकाश मिळाला नाही किंवा प्रवासात हाल झाले की हे शैवाल अंगातून निघून जाते आणि उरते ते पांढरेफटक शरीर. प्रवाळ पांढरे पडते तेही असेच. तुम्ही ज्याला रंग म्हणून जादा पैसे लावलेत, ती उपासमार होती.

पिशवी उघडली तेव्हाच शंका आली होती. तोंड सैल, उघडे पडलेले. बोटांसारखी शुंडके आखडून आलेली. निरोगी ॲनिमोनचे शुंडक बोटाला गोंदासारखे चिकटते, कारण त्यातल्या डंखपेशी पकड घेतात. हा नुसता बोटावरून घसरत होता. उलटा करून पाहिला तर तळव्याच्या कडेला नखाएवढी चीर. दगडावरून ओरबाडून काढला की अशी चीर पडते आणि तिथूनच अनेकदा सडायला लागते.

पुढचे सहा आठवडे त्याची शुश्रूषा केली. नळीने थेंब थेंब टाकीचे पाणी मिसळून त्याला आत घेतले. लाइट ३० टक्क्यांवर आणला आणि दर आठवड्याला थोडा वाढवत नेला. पांढऱ्या पडलेल्या प्राण्यावर एकदम पूर्ण लाइट मारला तर आणखी त्रास होतो. दुसऱ्या रात्री तो चालायला लागला, थेट वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंख्याच्या, दिशेने. तो त्यात अडकू नये म्हणून रात्री एक वाजता मी पंख्याच्या जाळीवर स्पंज बांधत होते. कोळंबीचा पहिला तुकडा त्याने घेतला, पण सकाळी चिकट पांढऱ्या गोळ्यात गुंडाळून बाहेर टाकला. मग तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करून आठवड्यातून दोनदा, चिमट्याने, वाट बघत बघत. सहाव्या आठवड्यात शुंडकांच्या बुडाशी चहा सांडल्यासारखी छटा दिसली.

पाण्याबद्दल शंका असेल तर माझी वही आहे. खारेपणा (विशिष्ट घनता) १.०२५, तापमान २५ ते २६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास. टाकी दोन वर्षांची आहे. 'नव्या टाकीलाही चालेल' या तुमच्या ओळीवर विश्वास ठेवून एखाद्याने महिनाभराच्या टाकीत असा प्राणी सोडला असता, तर तो विरघळून मेला असता, आणि त्या सडण्याने अमोनिया वाढून बाकीचे मासेही गेले असते.

४८ तासांच्या हमीबद्दलही बोलायला हवे. उपाशी ॲनिमोन दोन दिवसांत मरत नाही, आठवडेच्या आठवडे झिजत जातो. स्कॉटिश निसर्ग अभ्यासक जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून उचललेला एक ॲनिमोन काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत होता. डॅलिएल स्वतः १८५१ मध्येच वारले. जात वेगळी होती, मान्य. पण इतकी वर्षे जगू शकणाऱ्या प्राण्यांच्या गटाला दोन दिवसांची हमी?

माझी मागणी अशी : पांढऱ्या रंगासाठी घेतलेली जादा रक्कम परत करावी. मेहनतीचे पैसे मागत नाही, ती मी त्या जिवासाठी केली. 'दुर्मिळ पांढरा' आणि 'नव्या टाकीलाही चालेल' हे दोन्ही शब्दप्रयोग काढावेत. पांढरा पडलेला प्राणी विकायचाच असेल तर तसे लिहून विकावा, म्हणजे घेणारा तयारीने घेईल.

आज सकाळी पाहिले तर त्याच पानावर 'फक्त ३ शिल्लक' असे दिसते. ते तिघे विक्रीतून काढून लाइटखाली ठेवा आणि त्यांना खायला घाला. कसे घालायचे ते वर लिहिले आहेच.

सोबत तीन फोटो : पिशवी उघडली त्या दिवसाचा, सहाव्या आठवड्याचा आणि कालचा. कालचा जरा हललेला आहे, कारण माझा क्लार्की क्लाउनफिश (ॲनिमोनच्या आसऱ्याने राहणारा मासा) त्याच्यात शिरला होता आणि मला हात जवळ नेऊ देईना.

पंधरा दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक ग्राहक
(ऑर्डर क्रमांक व पावती सोबत जोडली आहे)