हमीभाव तिथेही तेवढाच, फरक मात्र खात्यात येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासातल्या लबॉकला शिकतो. दिवाळीत त्याने शेजारच्या लिन काउंटीतले फोटो पाठवले. नजर पोचेल तिथवर कापूस, आणि शेताच्या कडेला पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले माणसाहून उंच गठ्ठे. वेचायला बाई-माणूस एकही नाही, सगळं यंत्रावर. इकडे किलोला दहा रुपये कबूल करूनही ऑटो पाठवल्याशिवाय मजूर शेतात येत नाहीत.

मी त्याला एकच विचारलं, तिथं भाव पडला की शेतकरी काय करतो? त्याने तिथल्या शेतकऱ्यांना विचारून सांगितलं ते असं. काउंटीच्या कृषी कचेरीत प्रत्येक जमिनीचे ‘बेस एकर’ नोंदलेले असतात, जुन्या पेऱ्यावरून ठरलेले. सरकीसह कापसाचा एक संदर्भ भाव कायद्यातच लिहिलेला आहे. २०१८ मध्ये तो पौंडाला ३६.७ सेंट होता, २०२५ च्या कायद्याने ४२ केला. देशातला हंगामाचा सरासरी भाव त्याच्या खाली गेला, की मधला फरक ८५ टक्के बेस एकरांवर, ठरलेल्या उताऱ्याने, शेतकऱ्याला मिळतो. कापूस कुठे विकला, ओला होता की कोरडा, कोणी विचारत नाही.

त्या ४२ सेंटचा मी कागदावर हिशेब केला. क्विंटलला साडेब्याण्णव डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांच्या आगेमागे. आपला २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. आकडा जवळपास तोच की! पण तो मिळवायला मला आधी ॲपवर नोंदणी करावी लागते, मग गाडी भरून खरेदी केंद्रावर न्यावी लागते. यंदा परतीच्या पावसाने बोंडं भिजली. मीटरवर ओलावा १४ टक्के निघाला, मर्यादा १२ ची. गाडी माघारी आणण्याचं भाडं परवडेना, म्हणून वाटेतच व्यापाऱ्याला ६,७०० ने मोजून दिली. केंद्रावरच्या माणसाचा यात दोष नाही, नियम तसाच आहे.

तिकडची पद्धत सोवळी आहे असं नाही. ज्याची जमीन मोठी त्याला पैसा मोठा. शिवाय बेस जुना असल्याने यंदा कापूस न पेरणाऱ्यालाही रक्कम मिळू शकते, आणि ती हातात यायला पुढचा ऑक्टोबर उजाडतो. कापसाच्या अशाच जुन्या अनुदानांवरून ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि जिंकलीही. २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन अमेरिकेने प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी कापसाचं नाव या अनुदानाच्या पिकांच्या यादीतून काढलं, अन् २०१८ मध्ये ‘सरकीसह कापूस’ म्हणून मागच्या दाराने परत घेतलं. हुशारी म्हणतात ती ही.

आणि आपण काय केलं? ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी सप्टेंबरअखेर, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमकी आमची वेचणी संपेपर्यंत. ज्याच्या मागे त्याचं सरकार फरक भरायला उभं आहे, त्याचा कापूस तेव्हा बिनशुल्क बंदरात, आणि आम्ही ओलाव्याच्या मीटरपुढे.

पीएम-किसानचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार मिळतात, नाही म्हणत नाही. पण कापूस सहा हजारांवर असो की दहावर, हप्ता दोन हजारांचाच. २०२३ च्या खरिपासाठी राज्याने कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये दिले होते, दोन हेक्टरांपर्यंत. तेव्हा पैसे मुख्यतः ई-पीक पाहणीच्या, म्हणजे शेतातल्या पिकाचा फोटो ॲपवर टाकून केलेल्या नोंदीवरून वाटले होते. यंदाही त्याच नोंदीवरून हमीभाव आणि बाजारभावातला फरक द्यावा, एवढीच मागणी आहे. माझ्या चार एकर कपाशीचा फोटो सप्टेंबरपासून सरकारकडे आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक
पांढरकवडा, जि. यवतमाळ