अस्वलं स्वयंपाकघरात येत नाहीत

कोडियाक, अलास्का

ती. आई-बाबांस सा. न.

मी मजेत आहे. थंडीची काळजी नको. समुद्रामुळे हिवाळ्यातही पारा शून्याच्या आसपासच राहतो. इथल्या बेटांवर सुमारे साडेतीन हजार अस्वलं आहेत हे बाबांनी वाचलं ते खरं, पण ती माझ्या स्वयंपाकघरात येत नाहीत. मासळीच्या फॅक्टरीतलं नेहमीचंच.

इथले मूळचे लोक आल्युटिक. त्यांची 'बान्या' मात्र सांगायलाच हवी. नाव रशियनांनी आणलेलं, यांच्या भाषेत मकिविक. लाकडी खोपटं, आत तापलेले दगड. त्यांवर पाणी ओतायचं, वाफेत घाम गाळत बसायचं, मग तशाच अंगानं बाहेर थंडीत, आणि पुन्हा आत. तीन-तीनदा! आंघोळच, पण शेजाऱ्यांना बोलावून. आई, आम्ही बायका वेगळ्या बसतो, नाक मुरडू नकोस.

तिथं मैत्रिणीची आजी आल्युटिकमध्ये बोलते. लहानपणी ही भाषा बोलली म्हणून शाळेत मार बसायचा. मग तिनं पोरांशी इंग्रजीच धरली. आता अस्खलित बोलणारी मोजकीच म्हातारी माणसं उरलीत. 1995 साली उघडलेल्या आल्युटिक म्युझियममध्ये अशांचे आवाज जपलेत, 1998 पासून दर आठवड्याला एक शब्द लोकांपर्यंत पोचवतात. त्यांचे जुने मुखवटे 1871-72 च्या सुमारास एक फ्रेंच माणूस घेऊन गेला. 2008 मध्ये त्यांतले काही इथं आले, माहेरवाशिणीसारखे, आणि परत फ्रान्सला गेले.

निरोपाला यांच्यात शब्दच नाही. 'तांगर्चिकामकेन' म्हणतात, म्हणजे पुन्हा तुला बघेन. मी म्हटलं, आमच्याकडेही 'जातंय' म्हटलं तर आजी धपाटा घालते, 'येतंय' म्हणायचं. म्हातारी वाफेत हसून हसून खोकली.

दादाला सांगा, आजीच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड कर. मे महिन्यात मीच करणार होते, शेवटच्या दिवशी बाजारात वेळ घालवला. ती हल्ली नावं विसरते म्हणालात, म्हणून घाई. मालवणीतच बोलू दे, 'शुद्ध बोल' म्हणू नका. आपण फार वेळा म्हणालोय.

कौलांसाठी पन्नास हजार पाठवलेत. आधी सोसायटीचा हप्ता भरा. कुडाळच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला आहे हे मलाही दिसतं, पण तो नोकरी सोडायला सांगतोय. मावशीला मी समजावीन.

गणपतीत सुट्टी नाही, सॅल्मनचा हंगाम असतो. आजीला एवढ्यात सांगू नका.

तुमची,
मंगल