बाबा, कद्दीश मी म्हणेन

प्रिय आई-बाबा,

शालोम.

बाबा, फोनवर तुम्ही विषय बदललात म्हणून लिहिते आहे. पत्रात मला मध्येच तोडता येणार नाही. आई, "अभद्र बोलू नकोस" हे तू म्हणालीस आणि मी ऐकलं, असं धरून पुढे वाच.

तुमच्या मागे कद्दीश, म्हणजे आपल्या ज्यूंमध्ये गेलेल्या माणसासाठी म्हणतात ती प्रार्थना, म्हणायचं काम तुम्ही अश्दोदच्या दादावर सोपवलंत, हे मला ताईकडून कळलं. दादावर राग नाही, तो मनापासून म्हणेल. पण आम्हा दोघींना हिब्रू तुम्हीच शिकवलीत, द्राक्षरसावर म्हणायचा किद्दूश तुम्हीच पाठ करून घेतलात, आणि हे एवढं एक काम मात्र पुतण्याचं? "मिन्यानात बायका धरत नाहीत, तू म्हणणार कुठे?" असं तुम्ही विचारलंत. ठाण्यापुरतं ते बरोबर आहे. मी जिथे जाते तिथे कद्दीशला लागणारं मिन्यान म्हणजे दहा मोठी माणसं. त्यात बाई किती, पुरुष किती, हे कोणी मोजत नाही.

आमची मंडळी म्हणजे काही मोठं सिनेगॉग नव्हे. मॅनहॅटनमध्ये एका चर्चच्या तळघरातला हॉल शनिवारी भाड्याने घेतात. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं हेखाल म्हणजे चाकांवरचं कपाट. प्रार्थना संपली की ढकलत कोपऱ्यात नेतात. प्रार्थना चालवणारा हजान नाही, धर्मगुरू म्हणून रब्बी नाही, कारभार पाहणारा मुकादम तर नाहीच. प्रार्थना कोणी चालवायची, पाराशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्याचा भाग, कोणी वाचायची, हॉल कोणी झाडायचा, सगळ्याच्या पाळ्या लागलेल्या असतात. बायका-पुरुष मिसळून बसतात, मध्ये पडदा नाही. तालित, म्हणजे प्रार्थनेची शाल, पुष्कळ बायका घेतात, काही घेत नाहीत. यावरून इथे जेवढा वाद चालतो तेवढा आपल्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरूनही झाला नसेल. काहींचं म्हणणं, हक्क हवा तर जबाबदारीही घ्या, मग तालित घ्यायलाच हवं. मला ते पटतं, म्हणून मी घेते. तुमचं जुनं तालित मागणार होते, पण ते तुम्हालाच लागेल.

तुमची शंका अशी दिसते की समानता म्हणजे सगळं सोपं करून टाकलेलं. खरं तर काम वाढतं. आपल्याकडे सेफर, म्हणजे तोराची गुंडाळी, वाचायला हजान आहेत. आपण खाली बसून ऐकायचं. इथे माझी पाळी आली की महिनाभर आधीपासून रात्री बसावं लागतं. गुंडाळीत ना स्वरचिन्हं, ना सुरांच्या खुणा, नुसती अक्षरं. ती छापील पुस्तकावरून घोटायची आणि मग चांदीचा दर्शक अक्षरांवरून फिरवत सगळ्यांसमोर म्हणायची. दोन बाजूंना दोघं पुस्तक उघडून उभे असतात. वाचणाऱ्याची एक मात्रा घसरली तरी मोठ्याने दुरुस्त करतात आणि तो शब्द पुन्हा म्हणायला लावतात, मग वाचणारा प्रोफेसर असो की तेरा वर्षांची मुलगी. शनिवारी, शब्बाथला, सात जणांना वाचनासाठी वर बोलावतात. बोलावताना नुसतं बापाचं नाव घेत नाहीत. अमक्याची आणि अमकीची लेक, असं पुकारतात. आई, तुझं हिब्रू नाव या हॉलमध्ये किती वेळा घुमलंय, तुला माहीत नाही. ठाण्यात एवढी वर्षं गेली, पण तेबावरून, प्रार्थनेच्या चौथऱ्यावरून, ते कोणी घेतल्याचं मला आठवत नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेतलं फॅड आहे. तल्मुद या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात मेगिल्ला भागाच्या 23व्या पानावर काय आहे ते काढून बघा. सात जणांत सगळे येतात, बाईसुद्धा. पण मंडळीच्या मानासाठी बाईने वाचू नये, असं विद्वान म्हणाले. म्हणजे आडवा आला तो मंडळीचा मान. इथल्या मंडळींचं म्हणणं एवढंच की आता त्यांचा मान त्याने कमी होत नाही.

फॅड म्हणावं तर वयही बरंच आहे. 1922 साली याच शहरात जूडिथ कॅप्लान या मुलीची बात मित्स्वा, म्हणजे मुलगी धर्माने जाणती झाल्याचा विधी, झाली. अमेरिकेतली ती पहिली मानतात. तरी तिला सेफरपासून लांब, खाली उभं करून छापील पुस्तकातून वाचायला लावलं होतं. अमेरिकेतल्या ज्यूंच्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या कायदेसमितीने मिन्यानात बायका धरायला 1973 साली मुभा दिली. आणि त्याच्या कितीतरी आधी, 1925 साली, मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन कोणी उभी केली? आपल्या डॉक्टर जेरुशा झिराड यांनी! कामा हॉस्पिटलवाल्या, पद्मश्री मिळालेल्या, आपल्यासारख्याच कोकणातल्या मराठी ज्यू, पक्क्या बेने इस्रायल. लंडनला शिकायला गेल्या होत्या तेव्हा तिथली उदारमतवादी मंडळी त्यांनी पाहिली, आणि परत येऊन भायखळ्याच्या माणसांना ती वाट दाखवली. पुढे त्यातूनच रोडेफ शालोम हे सिनेगॉग झालं. तेव्हा "आपल्यात असं नाही" हे तुमचं वाक्य मी मान्य करत नाही.

शिवाय आपले पूर्वज कोकणात नवगावला कसे आले, ती गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगायचात. गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका किनाऱ्याला लागल्या. मग हिशेब करा. नुसते पुरुष धरले तर आपल्या मूळपुरुषांचं मिन्यान कधी भरलंच नसतं. बायका धरल्या तर चौदा होतात! ताई हे ऐकून खूप हसली. तुम्ही हसणार नाही, ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंचे यजमान गेले. सात दिवस रोज संध्याकाळी त्यांच्या घरी मिन्यान लागायचं. बर्फ पडत होतं, आणि आठ माणसं जमल्यावर फोन फिरायला लागले. मी आणि मजल्यावरची शेजारीण बूट चढवून निघालो. आम्ही पोचलो तशी दहा झाली आणि त्या बाई कद्दीश म्हणायला उभ्या राहिल्या. आमच्यासाठी कोणी थांबलं होतं, आम्ही गेलो नसतो तर त्यांना गप्प बसावं लागलं असतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आपल्या मशिदीत (सिनेगॉगला आपण मशीदच म्हणतो) मी लहानपणापासून आले, पण माझ्यावाचून कधी काही अडलं नव्हतं. बाबा, ही मंडळी मला का धरून ठेवते, याचं उत्तर हे एवढंच आहे.

जेरुसलेमचं हादास्सा हॉस्पिटल ज्यांच्या संघटनेचं, त्या हेन्रिएटा सोल्ड. त्यांच्या घरी आठ मुली, मुलगा नाही. 1916 मध्ये आई गेली तेव्हा घरोब्यातल्या एका गृहस्थांनी कद्दीश म्हणायची तयारी दाखवली. हेन्रिएटांनी आभार मानून पत्राने नकार कळवला, की हे माझं काम आहे, मीच करीन. वडील गेले तेव्हा त्यांच्या आईनेही मुलींची जागा दुसऱ्या कोणाला घेऊ दिली नव्हती. आई, हे तुझ्यासाठी लिहिलंय.

सगळंच गोड आहे असं नाही. एलियाहू हन्नाबीच्या नावाने आपण करतो ती गोड पोह्यांची मलिदा इथे कोणाला माहीत नाही. सूर अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंचे, कधी कधी फार रडवे वाटतात. पाराशाही पूर्ण वाचत नाहीत, तीन वर्षांत तोरा संपवतात. तुम्ही ऐकून कपाळाला हात लावाल, मीही लावला होता. त्यांच्या कद्दीशात "वेयात्समाख पुरकाने" हे आपले शब्द नाहीत. आजीच्या वर्षाला मी ते घालूनच म्हटलं. "आमेन" सगळ्यांनी दिलं, आणि नंतर चार जणांनी विचारलं की हे कुठलं. त्या दिवशी गव्हाच्या चिकाचा हलवा केला होता. मांसासोबत आपल्याला खरं दूध चालत नाही, पण हा नारळाच्या दुधाचा, म्हणून कोणत्याही जेवणासोबत चालतो. थाळा चाटूनपुसून संपला. आई, वड्या मात्र तुझ्यासारख्या सुटत नाहीत, चीक किती वेळ आटवायचा ते नीट लिहून पाठव.

बाबा, तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, तुम्ही हश्काबा, म्हणजे मृतासाठीची दुसरी प्रार्थना, आणि कद्दीश ज्या चालीत म्हणता ती शब्बाथ सुटल्यावर ताईच्या फोनवर म्हणून ठेवा. मला इथली चाल नको, तुमची हवी. अकरा महिने म्हणायची तर पक्की हवी, आणि तुमच्यासमोर चुकले तर तुम्हीच दुरुस्त कराल. दुसरी, दादाला कळवा. त्याला अश्दोदमध्ये म्हणायचं तर खुशाल म्हणू दे, पण जबाबदारी माझी आणि ताईची. ती ठाण्यात म्हणू शकेल की नाही, हे तुम्ही कमिटीतल्या लोकांना विचारून ठेवलंत तर बरं. ते नाही म्हणतील. तरी तुम्ही विचारलेलं हवं आहे.

आईचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करत नाही, हे मला इथे बसून कळतं. दादाला तुम्ही फोन करता की मी करू, तेवढं या आठवड्यात सांगा.

तुमची,
धाकटी