‘चढत नाही’ याचं कौतुक कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण तोंडावर आला की आमच्या पेठेत गटारीचे बेत सुरू होतात आणि एखाद्या पोराचं कौतुक हमखास कानावर येतं : “गडी किती बी पिऊ दे, चढत नाही!” तालमीत पोरांकडून जोर-बैठका काढून घेणारा माणूस मी, पण हे ऐकलं की पोटात गोळा येतो. माझ्या वडिलांवर अशाच पैजा लागायच्या. ते पन्नाशी गाठायच्या आत गेले, मागोमाग चुलते.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी दारूड्या बापांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्या तरुणांना सुरुवातीला दारू कमी चढते, त्यांनाच पुढे व्यसन लागण्याचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. साहजिक आहे. इतरांना डोकं गरगरून ‘पुरे’ कळतं, यांना कळतच नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलग्यांवरचा १९७३ चा अभ्यासही आहे. दारूड्या आई-बापाच्या पोटची मुलं परक्या घरात वाढली, तरी त्यांच्यात दारूच्या व्यसनाचं प्रमाण इतर दत्तक मुलांच्या सुमारे चौपट निघालं.

म्हणजे सगळं रक्तातच, असं नव्हे. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात. बाकी संगत, घरातली भांडणं, झोप लागावी म्हणून घेतलेला पहिला घोट. तंबाखूचंही तसंच. निकोटिनचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम काहींचं जात्याच जलद चालतं, त्यांना तलफ लवकर येते. आमच्या आईची मशेरी सुटेना तेव्हा अख्खं घर तिला ‘मनच कच्चं’ म्हणायचं. निपाणी हाकेच्या अंतरावर, पुडी कोपऱ्यावर. मनाला बोल लावणं सोपं होतं.

आणखी एक. “मी श्रावण पाळतो, मला कुठलं व्यसन?” असं म्हणणारे पुष्कळ. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशानं आधी डॉक्टर गाठावा. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना एवढंच सांगणं : ज्याच्या घरात बाप-चुलता दारूनं गेलाय, त्या पोराला गटारीला आग्रह करू नका. आमच्या तालमीतल्या थोरल्या पोरांना मी तशी तंबी दिली आहे.

आपला,
एक वस्ताद, शिवाजी पेठ, कोल्हापूर