बंगला क्र. ९ च्या मागच्या टर्फबाबत, पुन्हा एकदा

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, पुणे

विषय: बंगला क्र. ९ च्या मागे केलेल्या कृत्रिम गवताच्या मैदानाचा उपद्रव
संदर्भ: माझी यापूर्वीची पत्रं (उत्तर अप्राप्त)

महोदय,

स.न.वि.वि.

आधीच्या पत्रांना मिळालेलं एकमेव उत्तर म्हणजे सचिवांनी फाटकाशी उभ्या उभ्या काढलेले उद्गार: "काका, आपसात मिटवा ना." आपसात मिटवायचं तर समोरच्याने दार उघडावं लागतं. ते टर्फवर असतात आणि तिथल्या गलक्यात बेल ऐकू जात नाही. म्हणून पुन्हा लेखणी उचलली.

पोरांनी खेळायला माझी कधीच हरकत नव्हती. कॉलेजच्या संघात मी स्वतः विकेटकीपर होतो. पण रात्री साडेनऊ वाजता "फुल टाक रे, फुल!" म्हणून बोंबलणारे हे चांगले चाळिशी गाठलेले गृहस्थ असतात.

मुळापासून सांगतो, कारण समितीतले निम्मे सभासद तेव्हा गावाला होते. गेल्या उन्हाळ्यात तिथे जेसीबी आला, मागचं आंब्याचं झाड गेलं, मुरूम पडला, दिवसभर धुम्मस चालली. माझ्या कपाटातली भांडी वाजत होती. मग खडी, वर पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, आणि त्यावर तो हिरवा गालिचा. नीट करायचं तर खालून पाणी जिरायला वाट ठेवतात किंवा उतार देऊन आपल्याच हद्दीत चर काढतात. इथे उतार दिलाय, नाही असं नाही, पण तो माझ्या भिंतीकडे. जमीनही माझ्या अंगणापेक्षा वीतभर वर आली आहे. पहिल्याच वळवात काय व्हायचं ते झालं.

त्या पाण्याबरोबर काळे दाणे येतात. समितीने ते एकदा हातात घेऊन पाहावेत. गवताची पाती उभी राहावीत म्हणून जुन्या टायरांचा चुरा भरतात, तो हा. माझ्या मोरीच्या जाळीत त्याचा थर बसतो, पायपुसण्यात घुसतो, आणि आमच्या सौ.नी वाळत घातलेल्या कुरडयांवर तो तिळासारखा दिसत होता. पाहुण्यांनी कौतुकाने विचारलंसुद्धा, तीळ घालता का म्हणून. युरोपीय महासंघाने २०२३ साली असल्या दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला आहे. तो मैदानांना २०३१ पासून लागू होणार हे मला माहीत आहे. पण तोवर आम्ही कुरडया घालायच्याच नाहीत का?

शोषखड्डाही त्याच पीसीसीखाली गाडला गेला. पावसाचं पाणी जिरवतो म्हणून महापालिका मालमत्ता करात सवलत देते. क्र. ९ ती अजून घेत असतील तर तो त्यांचा आणि महापालिकेचा प्रश्न, मी फक्त नोंद करून ठेवतो. दुपारच्या उन्हात हे प्लास्टिकचं गवत इतकं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही. म्हणून दुपारी तिथे चिटपाखरू नसतं, संध्याकाळी पाइपने पाणी मारून ते गार करतात आणि मग दिवे लावून खेळ. एप्रिलमध्ये आपण टँकर मागवतो आणि त्याचे पैसे सगळ्यांत सारखे वाटतो. "पाइपने गाड्या धुऊ नयेत" अशी आपल्याच सहीची सूचना फलकावर आहे. गाडी नको, पण गालिचा धुतलेला चालतो, असा तिचा अर्थ घ्यायचा का?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. भाच्याच्या मोबाइलवर मी मोजलं, आकडा बराच वर गेला. सचिव म्हणाले, अ‍ॅप अधिकृत नसतं आणि नियमातली रात्र दहाला सुरू होते. नियमातली होत असेल. आमची नऊला होते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकामात बदल करायला समितीची परवानगी लागते आणि शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करायचं नसतं. क्र. ९ च्या परवानगीची प्रत मी मागितली, ती अजून "शोधणं चालू आहे". मी गच्चीवर पत्रा टाकला तेव्हा मात्र मला नोटिसांवर नोटिसा आल्या होत्या. तो पत्रा अजून आहे, पण तो विषय वेगळा.

झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती कुणी पाहिली का? शनिवारी संध्याकाळी अनोळखी गाड्या लागतात, त्या पाहुण्यांच्या की ताशी भाडं देणाऱ्यांच्या, हे कुणी विचारलं का? क्र. ९ च्या एसीचं पाणी, दिवाळीतल्या त्यांच्या माळा आणि २०१९ चं कुत्र्याचं प्रकरण मी इथे काढत नाही. बहुतेक सभासद माझ्याशी सहमत आहेत. त्यांची नावं विचारू नयेत, त्यांना संबंध बिघडवायचे नाहीत. आपला नातू तिथे रोज खेळतो, त्याचा इथे काही संबंध आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मुलगा गुणी आहे, चेंडू मागताना "प्लीज" म्हणतो. चेंडू मी परत देतोच, फक्त तुळशीची कुंडी फुटल्यापासून लगेच देत नाही.

माझ्या मागण्या माफक आहेत. खेळ साडेसातला बंद व्हावा. दिव्यांची तोंडं खाली वळवावीत, सध्या आमच्या देवघरात समई न लावता गणपती दिसतो. रबर काढून नुसती वाळू भरावी, चर त्यांच्या हद्दीत काढावा आणि शोषखड्डा मोकळा करावा. आणि समितीने एखाद्या शनिवारी रात्री आमच्या गॅलरीत येऊन बसावं, चहा आम्ही करू.

हे होईपर्यंत मेंटेनन्स मी निषेध नोंदवून भरेन. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय स्वतंत्र घ्यावा, "आयत्या वेळचे विषय" यात ढकलू नये. तिथे पोचेपर्यंत सभासद वडापावकडे गेलेले असतात.

आपला विश्वासू,
बंगला क्र. ८

प्रत: मा. उपनिबंधक, सहकारी संस्था (तयार आहे, अद्याप पाठवलेली नाही)